सुकदेव बोरसे, हजर

पुणे, १६ जानेवारी २०२५

प्रिय आशू,

फोन केला असता, पण तू हजेरीखात्यात बसतेस आणि तुझ्या शेजारच्या टेबलाचे कान किती लांब आहेत ते मला माहीत आहे. म्हणून हा मेल. उत्तरही याच पत्त्यावर दे, मिलच्या मेलवर नको. आणि मराठीत लिही. उधन्याच्या शाळेत बाईंनी बडवून बडवून शिकवलेलं कुठेतरी कामाला येऊ दे.

बातमी अशी, की तुमच्या सुरतच्या कापड मिलची सगळी कॉम्प्युटर यंत्रणा हलवायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि ते माझ्याकडे आलं. नवागामच्या गल्लीतला धर्मा आता शेठच्या केबिनमध्ये बसून चहा पिणार. तुझे बाबा असते तर चार घरी सांगत फिरले असते.

सोपं करून सांगतो. आज सगळं उधन्याच्या त्या एका खोलीत आहे. तिथे पाणी गळतं आणि उंदीर वायरी कुरतडतात. आता पगार आणि हजेरी एका कंपनीच्या क्लाउडवर जाईल, मार्केटमधली विक्री दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर, आणि मशीनं चालवणारं तेवढं उधन्यालाच राहील. थोडं घरी, थोडं बाहेर, आणि बाहेरही दोन ठिकाणी. एकानं दगा दिला तरी मिल थांबत नाही. कामरेजचं विणकामाचं युनिटही याच्यातच जोडायचं आहे.

अडचण हजेरीची आहे. तुमच्याकडे काही माणसं अशी आहेत, की ती कधी आजारी पडत नाहीत, आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, गावाला जात नाहीत, वर्षभर रोज हजर. शेठला वाटतं, काय कष्टाळू लोक! मला माहीत आहे काय ते. एका नावावर दोन भाऊ, अंगठ्याच्या मशीनमध्ये एकाच नावाखाली दोघांचे अंगठे. हा गाळ क्लाउडवर नेला तर माझीच फजिती होईल. नव्या मशीनला चेहरा लागतो, आणि एका नावाला एकच चेहरा चालतो.

तेव्हा मला यादी हवी आहे, कुठल्या नावावर खरं कोण राबतो त्याची. हे मला तुझ्याशिवाय कोण सांगणार?

आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलं होतं. मिळालं का?

तुझा,
धर्मादादा


नवागाम, सुरत, २२ जानेवारी २०२५

धर्मादादा,

तेल मिळालं. काकूंनी ते देवाजवळ ठेवलं आहे. लेकानं पाठवलेली वस्तू चोळून संपवायची नसते असं त्यांचं म्हणणं. तू येऊन स्वतःच्या हातानं चोळलंस तर गुडघा लगेच बरा होईल, पण साहेबांना सवड कुठली?

यादीचं म्हणतोस. दादा, तू एसीत बसायला लागल्यापासून विसरलास वाटतं. आपल्या खान्देशी माणसांत मिलमधली नोकरी ही शेतासारखी असते. सातबारा थोरल्याच्या नावावर आणि कसायला सगळे. थोरल्यानं कधीकाळी येऊन खातं सांभाळणाऱ्या मास्तरच्या हातापाया पडून जागा मिळवली, मग पाठ धरली म्हणून तो गावाला गेला आणि जागेवर धाकट्याला उभं केलं. नाव त्याचंच राहिलं. धाकटा आखाजीला बायकोला माहेरी सोडायला गेला की चुलत्याचा पोरगा त्याच नावावर उभा राहतो. मशीन एक दिवस बंद पडत नाही. मास्तरला हे माहीत आहे, त्याच्या वरच्याला माहीत आहे, आणि दोघांनाही ते फार आवडतं. शेठला माहीत नाही असं तू म्हणतोस, मला त्याची शंका आहे.

यात कुणी चोर नाही, हे आधी लिहून ठेव.

यादी देईन. पण कुणाची रोजी गेली तर मला या गल्लीत तोंड दाखवता येणार नाही. तू दुसऱ्या राज्यात आहेस, मला रोज त्याच नळावर हंडा लावायचा असतो. या बायका मला जे सांगतात ते मी त्यांच्यातली म्हणून सांगतात, हजेरीखात्यातली म्हणून नाही.

मला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला तुझ्याच नावानं पाट मांडते, तू नसलास तरी. म्हणून विचार करते आहे. दुसऱ्या कुणी मागितली असती तर चहा पाजून वाटेला लावलं असतं.

आशू


पुणे, २७ जानेवारी २०२५

आशू,

तुझ्या बाबांची शपथ घेऊन सांगतो, खरं काम करणारा माणूस स्वतःच्या नावावर येईल. पक्का. आजवर भावाच्या नावाखाली लपून जगत होते, आता ताठ मानेनं जगतील. फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत आहे. या मुदतीत जो पुढे आला त्याचं भलं होईल. नंतर मात्र दार बंद, मग माझ्याही हातात काही राहणार नाही.

तू शंका काढतेस ते लहानपणापासूनच. पण विचार कर, हे मी करतोय म्हणून बरं. बंगळुरूचा कुणी आला असता तर त्यानं सरळ दोन-दोन नावं उडवली असती.

एक घरगुती प्रश्न. महेशरावांचे थोरले भाऊ, तुझे दीर सुकदेवभाऊ, पूर्वी मिलमध्येच स्टेंटरवर होते ना? कापड ताणून वाळवतात त्या मशीनवर? ते गावाला गेल्यावर महेशराव कुणाच्या नावावर लागले? तुमच्याकडेही तसलंच काही असेल तर यादीत पहिलं नाव ते घाल. घरच्या माणसाचं आधी नीट करू.

धर्मादादा


नवागाम, १२ फेब्रुवारी २०२५

दादा,

यादी सोबत जोडली आहे. दोन आठवडे मी नळावर, दळणाच्या गिरणीत, हळदीकुंकवाला, जिथे जाईन तिथे हाच विषय काढत होते. आधी कुणी बोलेना. मग मी तुझं नाव सांगितलं, लोटूकाकांचा धर्मा, आपलाच पोरगा, तो करतोय म्हटल्यावर तोंडं उघडली. तुझे बाबा गेले त्याला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या नावाला अजून इथे मान आहे. तो मी खर्ची घातला.

पलीकडच्या खोलीतला धुडकू आहे ना, तो थोरल्या भिकनच्या नावावर राबतो. रंगखात्यात नखं निळी झाली त्याची, आणि पगारचिठ्ठी भिकनच्या नावाची. त्याच्या बायकोला, सोनालीला, मी म्हटलं की आता तुमच्या नावावर पक्कं होणार. ती रडलीच. दुसऱ्या दिवशी वाटीभर शिरा घेऊन आली. तूप एवढं की महेश म्हणाले, रोज कुणाकुणाला पक्कं करत जा.

महेशचं विचारलंस. ते स्वतःच्याच नावावर आहेत. सुकदेवभाऊ गावाला गेले तेव्हा यांची वेगळी भरती झाली. आमच्यात तसलं काही नाही. यादीत शोधत बसू नकोस.

सगळं नीट होऊ दे, मग तुला या गल्लीत खांद्यावर घेऊन नाचतील.

आशू


नवागाम, १८ मार्च २०२५

दादा,

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, पण मिलनं दिलं. नोटीस बोर्डावर.

मी दिलेली सगळी नावं नवीन भरती म्हणून लागली आहेत. शिकाऊ. मागचं सगळं धुतलं गेलं. गावाला बसलेल्या थोरल्याचं नाव कटलं, आणि त्याच्या जागी राबून केस पिकलेला धाकटा काल आला असं धरलं. अर्धा जन्म रंगखात्यात काढलेल्या धुडकूला आता सहा महिने काम बघून ठेवायचं की नाही ते ठरवणार आहेत. वयानं बाद झालेल्यांना तर फाटकातूनच हात जोडले.

सोनाली आली होती. तिनं शिऱ्याची वाटी परत मागितली. मी आणून दिली तर ती पदरात धरून माझ्या दारात थुंकली आणि गेली. मी पुसलं. नळावर मी गेले की बायका हंडे उचलून बाजूला होतात. माझा नंबर आता पहिला लागतो.

माझ्या बाबांची शपथ घेतली होतीस तू. मला एवढंच सांग, हे तुला आधी माहीत होतं का?

अश्विनी


पुणे, २५ मार्च २०२५

प्रिय आशू,

रागावलीस की तू पूर्ण नाव लिहितेस, अजून तशीच आहेस.

हे बघ, मी टेम्पोवाला. गोण्या इथून उचलायच्या आणि तिथे टाकायच्या. गोणीत काय ठेवायचं आणि काय फेकायचं ते शेठ ठरवतो. मी म्हटलं होतं, प्रत्येकजण स्वतःच्या नावावर येईल. आला ना? नव्या नावाला जुनी वर्षं कुठून चिकटवणार? भिकनची वर्षं धुडकूला द्यायची तर मिलनं लिहून द्यायला हवं की आम्हाला सगळं माहीत होतं. असं लिहून देणारा शेठ मला दाखव, मी त्याच्या पाया पडतो.

थुंकीचं मनाला लावून घेऊ नकोस. ती वाळते.

इकडे मात्र कौतुकच कौतुक आहे. हजेरी आणि पगार मुदतीआधी क्लाउडवर गेले. दोन्ही क्लाउड आणि उधन्याची खोली एकमेकांशी बोलायला लागले. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तुझ्या सुवर्णावहिनीनं पेढे वाटले.

एक किरकोळ काम आहे. अंगठ्यांचा जुना साठा अजून उधन्याच्या सर्व्हरमध्ये पडून आहे. तो क्लाउडवर नेलेला नाही, कारण आता चेहरे आले. लोकांचे अंगठे उगाच सांभाळणं कायद्यानंही बरं नाही. मेअखेर ते पुसले जातील. त्याला हजेरीखात्याची संमती लागते. तुझ्या स्क्रीनवर विचारणा येईल, ‘मान्य’ दाब. दोन सेकंदांचं काम.

आईला सांग, मे महिन्यात येतो.

धर्मादादा


नवागाम, ६ मे २०२५

दादा,

महेशचा उजवा हात गेला. मनगटाच्या चार बोटं वरून कापावा लागला.

तुला सगळं सांगते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आखाजीचा आठवडा होता. दरवर्षी या आठवड्यात निम्मे लोक गावाला जातात आणि त्यांच्या जागी भाऊबंद उभे राहतात. यंदा कुणाला उभं राहता आलं नाही, चेहरा जुळत नाही म्हणून फाटक उघडेना. स्टेंटरच्या दुसऱ्या टोकाला धुडकूला रंगखात्यातून आणून शिकाऊ म्हणून उभं केलं होतं, पण तो शिकाऊपणाला कंटाळून मार्चअखेरच सोनालीला मागे ठेवून गावाला निघून गेला. मास्तरनं महेशला सांगितलं, दोन्ही टोकं तूच सांभाळ. कापडाला चुणी पडली, ती काढायला यांनी हात घातला आणि साखळीनं ओढला. बटण दुसऱ्या टोकाला, तिथे माणूसच नाही. कुणी धावत येऊन बंद करेपर्यंत मशीन चालूच होतं.

ती यादी मी दिली होती, दादा. म्हणजे ते टोक मीच रिकामं केलं.

आता दुसरं. मी तुझ्याशी खोटं बोलले. महेश सुकदेवभाऊंच्या नावावर आहेत, आमच्या लग्नाच्या आधीपासून. तू विचारलंस तेव्हा सांगितलं नाही, कारण सासरी म्हणाले असते की धाकट्या भावजयीनं लेखणीनं थोरल्याची जागा खाल्ली. दरमहा त्यांचा वाटा गावाला जातो, त्यांना वाटतं जागा त्यांची, आम्ही राखण करतो. नंतर धुडकूचं काय झालं ते पाहिलं आणि लपवलं ते बरंच केलं असं वाटलं. चेहऱ्याची नोंद करायचा दिवस आला तेव्हा महेशला कॅमेऱ्यासमोर मीच बसवलं आणि नाव टाकलं, सुकदेव बोरसे. ते हसायला लागले. मी म्हटलं, हसू नका, श्वास धरा.

विम्याच्या दवाखान्यात नेलं. कार्ड सुकदेव बोरसेचं. तिथे अंगठा मागितला. कुठला देणार? शेवटी गावाहून सुकदेवभाऊंना बोलावलं. ते मिळेल त्या गाडीनं आले, अंगठा ठेवला, जुळला. डॉक्टर एकदा त्यांच्याकडे बघतात, एकदा स्ट्रेचरकडे. मग म्हणाले, नेमका कुणाचा हात कापायचा आहे? वॉर्डबॉय हसला. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

दवाखान्यानं मिलला कळवलं. मिलचा माणूस आला, सुकदेवभाऊंचे दोन्ही हात नीट पाहिले आणि म्हणाला, “सुकदेव तो साजो-सारो छे. आ तो बहारनो माणस छे.” सुकदेव धडधाकट, हा बाहेरचा माणूस. नऊ वर्षं तिथल्या वाफेत उभा राहिलेला माणूस आता बाहेरचा. विमा नाही, भरपाई नाही, उलट बाहेरचा माणूस आत शिरून मशीनला हात का लावत होता म्हणून विचारतात.

दादा, चेहरा तर मीच भरलेला, तो कुणी मानणार नाही. एकच पुरावा आहे. उधन्याच्या जुन्या सर्व्हरमध्ये महेशचा उजवा अंगठा आहे. रोजचा, येतानाचा आणि जातानाचा. खरा अंगठा दवाखान्यानं पुरला की जाळला मला माहीत नाही, पण तो तिथे आहे. डाव्या हाताचाही ठसा तिथे आहे, नोंद करताना दोन्ही हातांचे घेतले होते, म्हणजे आजही जुळवून दाखवता येईल की नऊ वर्षं आत जाणारा हाच माणूस. वकील म्हणतो, एवढं मिळालं तर मिलला तोंड लपवायला जागा नाही.

तू पुसायचं म्हणाला होतास आणि मी ‘मान्य’ दाबलं होतं. ते रद्द कर. मेअखेरीला अजून वेळ आहे. तुला दुसरं काही करावं लागणार नाही, फक्त थांबव.

काकू महेशच्या उशाशी बसून आहेत. म्हणतात, “मना धर्माले कळाव. तो मोठा साहेब शे, तो करी काहीतरी.”

तुझी आशू


पुणे, ३ जून २०२५

प्रिय अश्विनी,

उशिरा लिहितोय. आधी लिहिलं असतं तर तू परत परत लिहिलं असतंस, आणि मला ते नको होतं.

अंगठे ३१ मेला पुसले गेले. तुझं पत्र आलं तेव्हा ते होते. थांबवायला एक फोन लागला असता. मी केला नाही. तुझ्याशी आता गोड बोलण्यात अर्थ नाही, म्हणून कारण सांगतो. ते अंगठे कोर्टात गेले असते तर पहिला प्रश्न आला असता, की क्लाउडवर नेलेली हजेरी खरी की खोटी? आणि खोटी नेणारा कोण? मिलनं आमचे पैसे अडकवले असते, कंपनीनं मला काढलं असतं. घराचे हप्ते मी भरतो, तुझा वकील भरत नाही. संमतीवर नाव तुझं आहे, तारखेसकट. तेव्हा हे मी केलं असं कुठे म्हणता येणार नाही, म्हणून बघू नकोस.

महेशरावांचं मला जानेवारीतच माहीत होतं. आई फोनवर काय लपवणार आहे? तरी मी तुला विचारलं, तू काय म्हणतेस ते बघायला. तू खोटं बोललीस आणि मला बरं वाटलं. हजेरीखात्यातली बाई स्वतःच अडकलेली असली की नंतर आरडाओरडा करत नाही. हे तुला कडू लागेल, पण तू हुशार आहेस, तुला आवडलं नाही तरी पटेल.

आता कामाचं. शेठचा फोन आला होता. तुझा नवरा रोज सकाळी फाटकाशी जाऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहतो म्हणे, पट्टी बांधलेला. मशीन म्हणतं, “सुकदेव बोरसे, हजर,” आणि फाटक उघडतं. वॉचमन त्याला ढकलून बाहेर काढतो. आणि सुकदेव धडधाकट आहे हे दिसावं म्हणून खऱ्या सुकदेवला मिलनं पत्र पाठवून कामावर बोलावलं, तो रुजूही झाला, तर त्याला मशीन ओळखत नाही. एवढ्या मोठ्या कामात ही पहिली तक्रार, आणि ती माझ्या बहिणीच्या घरातली.

सुकदेवच्या नावाखालचा चेहरा बदल. तुझ्या लॉगिनमधूनच होतं ते. केलंस तर मिलच्या वेसूच्या नव्या ऑफिसात तुला बसवायचं मी शेठशी बोललो आहे, पक्की जागा, तुझ्या स्वतःच्या नावावर. नाही केलंस तर चौकशी होईल की सुकदेवच्या नावावर भलत्याचा चेहरा कुणी भरला. ते तू मला लिहून दिलेलं आहेस.

घरात एक पगार तरी राहू दे. आईची काळजी घे.

धर्मेंद्र


नवागाम, २४ जून २०२५

मा. धर्मेंद्र सर,

आपल्या सूचनेप्रमाणे चेहरा बदलला आहे. काम परवा पूर्ण झालं.

सुकदेवभाऊ नवा शर्ट घालून आले होते. ते आता आमच्याकडेच राहतात, मिलजवळ दुसरी खोली घ्यायची कशाला, असं सासूबाईंनी कळवलं. स्टेंटरवर त्याच टोकाला त्यांना उभं केलं आहे. संध्याकाळी मी दोघा भावांना शेजारी-शेजारी वाढते. एकाला घास भरवावा लागतो, दुसरा म्हणतो भाकरी गार आहे. कॅमेऱ्यासमोर बसल्यावर त्यांनी मला विचारलं, “केस बराबर शेतस ना?” मी म्हटलं, बरोबर आहेत.

मग स्क्रीनवर महेशचा फोटो आला. श्वास धरलेला, हसू दाबलेलं. खाली प्रश्न, हा चेहरा कायमचा काढायचा आहे का? मी ‘हो’ दाबलं. पुन्हा विचारलं, नक्की? आपण यंत्रणा फार काळजीपूर्वक बनवली आहे, ती दोनदा विचारते. मला यात कुणीही एकदासुद्धा विचारलं नव्हतं. मी पुन्हा ‘हो’ दाबलं. मी रडले नाही. मला तुमचा राग आला, माझा आला, आणि सगळ्यात जास्त महेशचा आला, की हा माणूस असा हसत का बसला होता.

वेसूची जागा मी स्वीकारते आहे. एक तारखेपासून रुजू होईन.

काकूंना आणि महेशला मी आपलं पत्र दाखवलेलं नाही. अंगठे पुसले गेले हेही सांगितलेलं नाही. काकू गल्लीभर सांगतात, “मना धर्मानी केस हातमां लिधी शे.” सोनालीलाही सांगून आल्या. महेश म्हणतात, दादांना घाई करू नकोस, मोठी कामं वेळ खातात. वकिलाकडे जायचं त्यांनी थांबवलं आहे, दादा आहेत ना, मग वकिलाला कशाला पोसायचं, असं म्हणतात. मी जेवताना मान हलवते.

काल सकाळी ते नेहमीप्रमाणे फाटकाशी गेले. मी खात्याच्या खिडकीतून पाहत होते. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. फाटक उघडलं नाही. त्यांनी डाव्या हाताच्या बाहीनं कॅमेऱ्याची काच पुसली आणि पुन्हा उभे राहिले, यावेळी श्वास धरून. मागे रांग लागली होती, लोक ओरडायला लागले, तेव्हा बाजूला झाले. सुकदेवभाऊ पुढे आले, आपलं नाव ऐकलं आणि आत गेले.

संध्याकाळी घरी गेले तर महेश दारातच बसले होते. म्हणाले, “मशीन बिघडलंय. मला ओळखतच नाही. दादांना कळव, ते पुण्याहून लगेच दुरुस्त करतील.”

म्हणून कळवते आहे.

आपली,
अश्विनी महेश बोरसे
हजेरी विभाग